सत्तावीसची बस

या, असे जवळ सरका. तिकडे दाराशी कशाला बसता? तिथे अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आपण पदरचं घालतो. आज एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट तशी लहान, एका दुपारची. पण त्या दुपारी एका म्हाताऱ्याचा जीव किती वेळा वर-खाली झाला, ते त्या वरच्यालाच ठाऊक. मन इकडे द्या म्हणजे झालं.

तर हा माणूस सिटी बसचा ड्रायव्हर. अडतीस वर्षं एकच मार्ग चालवून निवृत्त झालेला. डेपोतली माणसं त्याला मिनिटकाका म्हणत, आणि पुढे सगळी गल्लीच म्हणायला लागली. अडतीस वर्षांत त्याची बस उशिरा पोचली असेल, पंक्चर, पाऊस, मोर्चा, काय वाटेल ते. पण ठरल्या वेळेच्या आधी ती कुठल्याही थांब्यावरून हलली नाही. एकदाही नाही. रस्ता मोकळा मिळून बस लवकर पोचली, तर काका थांब्यावर हँडब्रेक ओढून, हाताची घडी घालून बसायचे आणि वेळ झाली की निघायचे. मागचे प्रवासी कितीही चुकचुकले तरी ढिम्म हलायचे नाहीत.

निवृत्त झाले, पण हातातलं स्टिअरिंग गेलं तरी रस्ता डोक्यातून जाईना. सकाळी खिडकीत बसायचं, खालची रहदारी बघायची आणि गल्लीच्या ग्रुपवर बातमी टाकायची. ‘दूधवाल्याची गाडी उलटी लागली आहे.’ ‘शाळेच्या व्हॅनने पुन्हा कोपरा अडवला.’ लोक हसायचे, पण घराबाहेर पडण्याआधी काकांचा निरोप वाचायचे.

आणि काकू? काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पाय स्टुलावर, हातात फोन. सुरुवातीला वेळ जावा म्हणून व्हिडिओ गेम खेळायला लागल्या आणि आता त्या विषयात घरात त्यांच्याइतकं जाणतं कोणी नाही. फोन घेऊन हिंडायचं आणि कुठे कुठे लपलेले रानघोडे पकडायचे, असा त्यांचा लाडका खेळ. काकूंना हिंडता येईना, म्हणून त्या खिडकीतून दिसतील तेवढेच पकडायच्या. पण बातम्या मात्र साऱ्या वाचायच्या. लोक सकाळी चहाबरोबर निधनवार्ता वाचतात, तशा काकू गेमच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवायच्या.

"ऐकलंत का? त्या किल्ल्याच्या गेमचा तिसरा भाग पुन्हा पुढे ढकलला."

"तुझ्या भावाच्या लग्नासारखा," काका खिडकीतूनच म्हणायचे.

"माझ्या भावाचं झालं शेवटी. तुमची बस कुठे गेली बघा."

असं हे घर. मुलगा नोकरीसाठी दूरच्या गावी, आणि सून इथे या दोघांपाशी. सून डबल बास वाजवायची. माणसाहून उंच, सारंगीसारखं दिसणारं, पोटातून घुमणारं वाद्य. शहराच्या वाद्यवृंदात ती सहा वर्षं राखीव होती. राखीव म्हणजे काय, तर प्रत्येक कार्यक्रमाला वाद्य जुळवून, काळे कपडे घालून आतल्या बोळात उभं राहायचं. कोणी आलं नाही तर आपण बसायचं. सगळे आले की वाद्य पिशवीत घालून घरी. सहा वर्षांत ती चारदा बसली.

आणि आता तिला खुर्ची मिळाली होती. बासची पहिली खुर्ची, आजपासून. कार्यक्रम होता पुलापलीकडच्या मैदानावर, उघड्या रंगमंचावर, आणि वाजवायचं होतं काकूंच्याच त्या घोड्यांच्या गेमचं संगीत. साडेपाचला हजेरी. हजेरीला जो नसेल त्याच्या जागी राखीव माणूस बसणार, आणि पहिल्याच दिवशी खुर्ची रिकामी ठेवणाऱ्याला हा हंगामभर पुन्हा बोळात उभं राहावं लागणार. नियम कडक होता.

"चार वाजता टॅक्सी सांगते," सून सकाळी म्हणाली.

"टॅक्सी?" काका असे वळले, जणू कोणी त्यांचा पाणउतारा केला. "घरात ड्रायव्हर असताना? बावीस मिनिटांचा रस्ता. मी अठ्ठावीस धरतो. चार चाळीसला निघायचं, पाच आठला मैदान. वर बावीस मिनिटं शिल्लक. घाम पूस आणि वाद्य जुळव."

"बाबा, आज जरा जास्तच लवकर..."

"सूनबाई, अडतीस वर्षं."

काकू म्हणाल्या, "काळजी करू नकोस गं. हजेरी व्हायोलिनपासून सुरू होते ना? तुझं वाद्य सगळ्यात मोठं आणि नंबर सगळ्यात शेवटी. तोवर तू जेवून जाशील." मग फोनकडे बघून, "अहो, पण आज एक बातमी आहे हं. कार्यक्रमाच्या निमित्ताने पाच वाजता पांढरा घोडा येणार आहे. वर्षातून एकदाच येतो. आणि कुठे कुठे, तर..."

"घोडा! सांग त्याला, डाव्या बाजूने चाल म्हणावं," काका म्हणाले आणि वेळापत्रक लिहायला बसले. काकूंचं वाक्य अर्धंच राहिलं. हे लक्षात ठेवा.

चार चाळीसला गाडी निघाली. मागची सीट पाडून बास आडवा घातलेला आणि त्याची मान पुढच्या दोघांच्या मधोमध आलेली. जणू तिसरा प्रवासी रस्ता बघत होता. काचेपाशी काकांनी कागद चिकटवला होता: बेकरी ४.५२, ग्रंथालय ४.५८, पूल ५.०३, मैदान ५.०८.

रस्ता मोकळा होता. इतका मोकळा, की बेकरीच्या कोपऱ्यावर ते पोचले तेव्हा घड्याळात चार अठ्ठेचाळीस झाले होते.

आणि काका थांबले.

त्यांनी ठरवून केलं असं नाही. हाताने केलं. पाय ब्रेकवर गेला, हाताने हँडब्रेक ओढला, गाडी बाजूला उभी राहिली. चार मिनिटं लवकर होतो, चार मिनिटं थांबायचं. त्यात विचार करण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही. आपण काय करून बसलो हे त्यांना कळलं तेव्हा तीन मिनिटं गेली होती, आणि उरलेलं एक मिनिट ते लाजेपोटी थांबले. आता एकदम निघालो तर हिला कळेल, असं वाटून. सून खिडकीबाहेर बघत होती. 

चार बावन्नला गाडी हलली. दोन वळणं पार पडली आणि ग्रंथालयाच्या अलीकडे सगळं जाम.

साधा जाम नव्हता तो. काकांनी आयुष्यभर जाम पाहिले होते. पण इथे गाड्या मधोमध सोडून माणसं खाली उतरलेली, आणि सगळ्यांचे फोन वर, ग्रंथालयाच्या पायऱ्यांकडे. एक बाई लहान मुलाला खांद्यावर घेऊन ओरडत होती, "दिसला, दिसला!" दिसत तर काहीच नव्हतं. नुसत्या पायऱ्या.

"हे काय चाललंय?" काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच पातळ वाटला.

पाच दोन झाले. पाच चार. पाच आठ, म्हणजे मैदानावर पोचायची वेळ झाली, आणि गाडी एक टायरभर पुढे सरकली.   काका मनात पुन्हा पुन्हा तोच हिशोब करत होते. चार अठ्ठेचाळीसला न थांबता निघालो असतो, तर चार चौपन्नला ग्रंथालय मागे पडलं असतं, एकोणसाठला पूल. कसाही मांडला तरी उत्तर तेच. हा जाम मागे राहिला असता.

फोन वाजला. काकू.

"पोचलात?"

"ग्रंथालयापाशी अडकलोय. लोकांना वेड लागलंय, सगळे पायऱ्यांकडे..."

"अहो, तेच तर सकाळी सांगत होते!" काकू एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की सुनेलाही ऐकू आलं. "पांढरा घोडा तीन ठिकाणी येणार. ग्रंथालयाच्या पायऱ्या, पुलाचं तोंड आणि मैदानापुढचं कारंजं. ऐकून घ्याल तर शपथ!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पुलाचं तोंड. म्हणजे इथून सुटले तरी पुढे पुन्हा तेच.

"पुलाकडे जाऊच नका," काकू म्हणत होत्या. "मी इथे नकाशा बघतेय. सगळीकडे माणसंच माणसं. रिकामं काय दिसतंय, तर तुमच्या डेपोमागून मैदानाकडे निघणारा रस्ता. तिथे घोडा नाही, कोणी नाही."

"तो बसचा रस्ता आहे. खासगी गाडीला बंदी."

"मग बसने जा! ड्रायव्हर आहात ना तुम्ही?"

देवाची करणी बघा. अडतीस वर्षं ज्या रस्त्याने गेला, तो त्या माणसाला आठवला नाही आणि स्टुलावर पाय ठेवून बसलेल्या बाईला दिसला. डाव्या हाताला एक बोळ होता. सून खाली उतरली, फोन धरून उभ्या असलेल्या चारपाच जणांना हात जोडून बाजूला केलं, आणि गाडी मागेपुढे करत करत बोळात शिरली. डेपोच्या फाटकाशी ते पोचले तेव्हा पाच अठरा झाले होते.

मैदानामागून जाणारी बस लागलेलीच होती. स्टिअरिंगवर एक लहानखुरी बाई. काकांनीच शिकवलेली. शिकत होती तेव्हा चाकाआड दिसायची नाही म्हणून तिला चिमणी नाव पडलं, ते पडलंच.

"काका! तुम्ही? आणि हे धूड कसलं, कपाट हलवताय की काय?"

"सून आहे माझी. हे वाद्य. साडेपाचला हजेरी आहे, चिमणे, मैदानाच्या मागच्या फाटकाशी सोड."

चिमणीने मधलं दार उघडलं, गाडी फाटकाशीच सोडून तिघांनी मिळून बास आत घेतला, आणि पाच वीसला बस निघाली. बसचा रस्ता मोकळा, धुतल्यासारखा. काकांच्या छातीवरचा दगड थोडा हलला. कारण रस्ता त्यांना पाठ होता. हॉस्पिटलचा थांबा, मग कालव्याची कड, मग मैदान. हॉस्पिटलपासून चार मिनिटं.

हॉस्पिटलच्या थांब्यावर बस पोचली तेव्हा पाच चोवीस झाले होते. दारं उघडली. थांबा रिकामा. आणि चिमणीने हँडब्रेक ओढला.

काकांनी तो आवाज ओळखला. त्यांचाच होता तो.

"चिमणे."

"हो काका."

"रस्ता रिकामा आहे."

"आहे ना. पण आपली वेळ सत्तावीस." तिने हाताची घडी घातली आणि मग, जणू तेव्हाच उमगलं तसं, आरशातून सुनेकडे बघितलं. घडी सुटली. "काका, तुम्हीच शिकवलंत. उशीर झाला तर माणूस थांब्यावर उभा राहतो, शिव्या देतो, पण आपल्यालाच भेटतो. आधी निघालात तर त्याला टाकून गेलात. शिकवलंत की नाही?"

"शिकवलं."

"पण तुम्ही सांगत असाल तर निघते. तुमचा शब्द मी मोडायची नाही. सांगा."

सत्तावीसला निघालं तर एकतीस. आत्ता निघालं तर अठ्ठावीस. मध्ये सगळा संसार अडकलेला. काकांनी सुनेकडे बघितलं. ती बासच्या मानेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"सूनबाई," काका म्हणाले. कधी ना कधी बोलावंच लागणार होतं. "बेकरीच्या कोपऱ्यावर मी..."

"चार मिनिटं थांबलात. माहीत आहे बाबा. मी मोजली."

"मोजली?"

"बासवाल्यांचं तेच काम. ऐंशी मात्रा गप्प उभं राहायचं, मोजत राहायचं, मग एक सूर लावायचा." तिने काकांकडे बघितलं. "बोलायला हवं होतं मी. पण तुम्ही इतके खुशीत होता. आणि खरं सांगू? आत्ता मला तुमचा राग येतोय."

"यायलाच हवा," काका म्हणाले.

बेकरीच्या कोपऱ्यावर कोणी उभं नव्हतं. चार मिनिटं त्यांनी कोणासाठी घालवली? सवयीसाठी. आणि इथेही थांबा रिकामा. पाच पंचवीस. काकांनी एकदा डोळे मिटले, वरच्याचं नाव घेतलं आणि म्हणाले, "निघ."

चिमणीने दारं मिटायला घेतली. तेवढ्यात काकांची नजर सवयीने आरशात गेली. अडतीस वर्षांचा आरसा, सुटतो कुठे.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरून दोन माणसं उतरत होती. एका म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी आणि त्याला दंडाला धरून उतरवणारी त्याची मुलगी. एक पायरी. मग दुसरी. बस समोर दिसत होती, दारं मिटताना दिसत होती, तरी ती मुलगी हात हलवत नव्हती, हाक मारत नव्हती, घाई करत नव्हती. तिने घड्याळात पाहिलं आणि वडिलांना काहीतरी सांगितलं. ‘सावकाश या, अजून वेळ आहे,’ असंच काही. बस सत्तावीसच्या आधी हलायची नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

कोणी शिकवलं होतं या गावाला हे? अडतीस वर्षं कोण शिकवत होतं?

"थांब," काका म्हणाले.  त्यांना सुनेकडे बघायचा धीर होईना.

पण सून जागेवर नव्हती. बास चिमणीच्या मागच्या दांड्याला टेकवून ती खाली उतरली होती आणि म्हाताऱ्याचा दुसरा दंड धरत होती. दोघींनी मिळून त्याला वर घेतलं. तो सीटवर टेकला आणि पट्टीआडून त्याने विचारलं, "सत्तावीसची ना?"

"सत्तावीसचीच," काका म्हणाले.

"मग बरोबर."

पाच सत्तावीसला बस हलली. सेकंदाला.  कालव्याची कड मागे पडली. सुनेचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

मैदानाच्या मागच्या फाटकाशी पाच एकतीस. चिमणीने बस जवळजवळ फाटकात घातली. बासच्या बुडाला छोटं चाक लावून सून धावत सुटली आणि मागून काका पिशवी धरून. रंगमंचाच्या मागे कोणीतरी खड्या आवाजात पुकारत होतं. "चेलो, तिसरी!" "हजर!" "चेलो, चौथी!" "हजर!" व्हायोलिनवाले भरपूर होते हो. प्रत्येकाला ‘हजर’ म्हणायला लागलेला एकेक क्षण देवाने सुनेसाठीच राखून ठेवला असावा.

"बास, पहिली!"

शांतता.

"बास, पहिली खुर्ची!"

"हजर!" रंगमंचाकडे चढणाऱ्या उतारावरूनच ती ओरडली. बास आधी आत शिरला आणि मागून ती. वर कोणीतरी हसलं. पुकारणारा म्हणाला, "वाद्य वेळेवर आलं, वाजवणारी जरा मागे राहिली," आणि त्याने पुढची खुर्ची पुकारली.

काका रंगमंचामागच्या बोळातच भिंतीला धरून उभे राहिले.  हुश्श म्हणावं म्हणून तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांना तो दिसला.

भिंतीपाशी एक माणूस उभा होता. पन्नाशीचा असेल, दाढी पिकलेली, काळे कपडे इस्त्रीचे. बास जुळवून, गज हातात घेऊन तयार. ‘पहिली खुर्ची’ दुसऱ्यांदा पुकारली तेव्हा त्याने एक पाऊल पुढे टाकलं असणार, कारण तो भिंतीपासून एक पाऊल पुढे होता. सून त्याच्या शेजारून जाताना क्षणभर थबकली.  सहा वर्षं ज्या राखीव जागेवर उभी राहिली होती, त्या जागेकडे बघून तिने मान तेवढी लववली. त्यानेही लववली. मग तो वाकला आणि वाद्य पिशवीत घालू लागला.

पिशवीची साखळी मध्येच अडकली. काकांनी पुढे होऊन कापड ताणून धरलं.

"आभारी आहे," तो म्हणाला. "तुमची कोण?"

"सून."

"नशीब काढलंत. तिचा गज फार छान चालतो. मी ऐकलंय, असंच बोळात उभं राहून, भिंतीपलीकडून." तो हसला. "आज वाटलं होतं बरं का. आज वाटलं होतं."

 दोघं बरोबरच फाटकाबाहेर पडले आणि वळसा घालून मैदानापुढच्या कारंज्यापाशी आले. तिथे गर्दी होतीच, फोन वर करून. काकांचा फोन वाजला.

"हजेरी?" काकूंचा आवाज लहान झाला होता. इतका वेळ त्या एकट्या घरी काय करत होत्या, ते त्या एका शब्दात कळलं.

"लागली."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग, "कारंज्यापाशी आहात का? अहो, घोडा तिथेच आहे. पाच मिनिटांत जाईल!"

काकूंनी आपला गेम काकांच्या फोनवरही घालून ठेवलेला, पण काकांना तो येईना. फोन उलटा धरला, स्वतःचंच कपाळ दिसलं. दाढीवाल्याने बास खांद्यावर सावरला, एका हाताने फोन घेतला, काकूंचा गेम कसा उघडायचा ते काकूंनाच विचारलं, आणि कारंज्याकडे धरला. पाण्याच्या धारेत एक पांढरा घोडा मान खाली घालून उभा होता. "दाबा," तो म्हणाला. काकांनी अंगठा दाबला. घरी काकू ओरडल्या.

मागे एक गाडी हॉर्न वाजवत होती. काका रस्त्याच्या मधोमध उभे होते, अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

मैदानातून संगीत सुरू झालं. बराच वेळ वरचेच सूर. दाढीवाला थांबला, त्याचे ओठ हलायला लागले. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांनाही मोजावंसं वाटलं, पण कुठून सुरू करायचं ते कळेना. मग ऐंशी मात्रा संपल्या असाव्यात, कारण त्या माणसाचा रिकामा उजवा हात गज ओढावा तसा किंचित हलला, आणि त्याच क्षणी पलीकडून खोल, जमिनीखालून यावा तसा एक सूर आला.

"बरोबर," तो म्हणाला, आणि बास सावरत बसच्या थांब्याकडे चालू लागला.

गोष्ट एवढीच. सुनेची खुर्ची राहिली, काकूंना घोडा मिळाला, आणि काका दुसऱ्या दिवसापासून गेमच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकायला शिकले. पण तुम्ही आता उठाल तेव्हा एक करा. कधी तुमचं नाव पुकारलं जाईल, आणि ईश्वरकृपेने तुम्ही धापा टाकत का होईना, वेळेवर पोचाल. तेव्हा ‘हजर’ म्हणण्याआधी क्षणभर त्या पिकल्या दाढीच्या माणसाची आठवण काढा, जो वाद्य जुळवून भिंतीपासून एक पाऊल पुढे उभा होता.